गाडीच्या कोटेशनमध्ये धूर कुठे लपलाय? गोव्यात कार घेण्याआधी करायचा कराचा हिशोब

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. चवथीला घरी आला होता आणि काकांना नवी गाडी घेऊन द्यायची म्हणून फोंड्यातून तीन कोटेशनं उचलून आणली होती. गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून आम्ही ते कागद पसरले. त्याने तिन्ही उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "ग्रॅम खंय बरयल्यात?" म्हणजे, ग्रॅम कुठे लिहिलेत?

प्रश्न त्याच्या जागी बरोबर होता. तो राहतो तिथे नव्या गाडीचा पहिल्या वर्षाचा कर ती एका किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर ठरतो. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात तो शून्य ग्रॅमवाल्या गाडीला १० पौंड आणि २५५ ग्रॅमच्या वर गेलेल्या गाडीला ५,४९० पौंड होता. आपल्या कोटेशनवर ग्रॅमचा पत्ता नसतो. म्हणून लोकांचा समज होतो की आपल्याकडे धुरावर कर नाहीच. कर आहे, फक्त तो धूर मोजून लावत नाहीत. गाडीची लांबी, इंजिनाचे सीसी आणि टाकीत काय भरता, या तीन गोष्टींवरून धुराचा अंदाज बांधतात आणि त्यावर कर लावतात. अंदाज कधी बरोबर निघतो, कधी साफ चुकतो. चुकतो तिथे तुमचे लाख-दोन लाख इकडचे तिकडे होतात.

मी फोंड्यात लोकांची आयकर रिटर्नं भरतो. गाडी घेण्याआधी कागद दाखवायला येणारे थोडे, घेतल्यावर येणारे पुष्कळ. हे पहिल्या गटातल्यांसाठी.

पहिलं काम: टेप आणि सीसी

कोटेशन हातात घेण्याआधी माहितीपत्रकातले दोन आकडे शोधा. एकूण लांबी मिलिमीटरमध्ये आणि इंजिनाची क्षमता सीसीमध्ये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, गाड्यांवरचा जीएसटी असा आहे. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीचं १,२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. डिझेल असेल तर लांबी तीच, पण इंजिन १,५०० सीसीपर्यंत चालतं, आणि तेही १८ टक्के. दोन्हींपैकी एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. मधली पायरी नाही. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला ५ टक्के, मग ती कितीही लांब असो.

आधी हाच कर २८ टक्के आणि वर सेस, म्हणजे उपकर, असा होता. छोट्या पेट्रोल गाडीला सेस १ टक्का, छोट्या डिझेलला ३, मधल्यांना १७, मोठ्यांना २० आणि मोठ्या एसयूव्हींना २२. म्हणजे तेव्हा निदान छोट्या गाड्यांमध्ये डिझेल आणि पेट्रोल यांत दोन टक्क्यांचा तरी फरक होता. आता तोही गेला. सेस गाड्यांवरून उठला आणि सगळं १८ किंवा ४० या दोन डब्यांत बसलं. जुन्या ब्लॉगवर किंवा व्हॉट्सॲपवर २९, ४५, ५० टक्के असे आकडे दिसले तर ते सप्टेंबर २०२५ च्या आधीचे आहेत असं समजा.

अंदाज कसा चुकतो ते आता बघा. मारुतीची ब्रेझा ३,९९५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे टेपवर पास. पण तिचं इंजिन १,४६२ सीसीचं पेट्रोल, म्हणून ४० टक्के. तीच गाडी सीएनजीवर घेतली तरी इंजिन तेच, म्हणून कर तोच. शेजारी उभी असलेली टाटा नेक्सॉन १,१९९ सीसी पेट्रोल किंवा १,४९७ सीसी डिझेल, दोन्ही १८ टक्क्यांत. रस्त्यावर दोघी जवळपास एकाच मापाच्या दिसतात.

ग्रॅम स्वतः काढा, दोन मिनिटांचं काम

मावसभावाने मागितलेले ग्रॅम कागदावर नसले तरी काढता येतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर डिझेलमधून साधारण २.६८ किलो, एक किलो सीएनजीमधून पावणेतीन किलोच्या आसपास. म्हणून पेट्रोल गाडीसाठी २,३०० ला ॲव्हरेजने भागा, डिझेलसाठी २,६८० ला.

लिटरला २० किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी ११५ ग्रॅम सोडते. तेवढंच ॲव्हरेज देणारी डिझेल १३४ ग्रॅम. टोयोटाच्या हायरायडरचं आणि मारुतीच्या ग्रँड विटाराचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, कंपनीने चाचणीवरून जाहीर केलेलं ॲव्हरेज २७.९७, म्हणजे साधारण ८२ ग्रॅम.

आता कराकडे बघा. १३४ ग्रॅमवाली चार मीटरच्या आतली डिझेल: १८ टक्के. ८२ ग्रॅमवाली हायब्रिड: ४० टक्के, कारण ती चार मीटरहून लांब आहे आणि इंजिन १,४९० सीसीचं आहे. काका ऐकून म्हणाले, "म्हणजे धूर कमी केला त्यालाच दंड?" दंड नव्हे, पण फायदाही नाही. हायब्रिडच्या पेट्रोल-बचतीवर तुम्ही गाडी घेणार असाल तर करात सूट मिळेल ही आशा सोडून हिशोब मांडा. बचत पंपावरच झाली पाहिजे.

कार्बन डायऑक्साइड हा एक प्रकारचा धूर. नाकात जाणारा, दम्याच्या माणसाला त्रास देणारा धूर वेगळा. त्याला बीएस-सहाचे (भारत स्टेज सहा) निकष लागू आहेत. ते एप्रिल २०२० पासून देशभर आले आणि एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष चाचणीची अट जोडली गेली. डिझेल गाड्यांना हा धूर गाळायला महागडी यंत्रणा लागते. तो खर्च कर म्हणून दिसत नाही, गाडीच्या मूळ किमतीत मुरलेला असतो. छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

ग्रॅम मोजून लावलेला नियम आपल्याकडे एकच आहे आणि तो गिऱ्हाइकाला नाही, कंपनीला आहे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात. २०२२-२३ पासून ती किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवायची आहे. या सरासरीत विजेवरची एक गाडी तीन गाड्या म्हणून धरली जाते. शोरूममधला मुलगा सीएनजी, हायब्रिड किंवा विजेची गाडी जरा जास्तच प्रेमाने दाखवतो त्याचं मूळ तिथे आहे. वाईट काही नाही. पण या गाड्या कंपनीलाही विकायच्या आहेत हे लक्षात ठेवून सवलत मागा. वर्षअखेरीला तर नक्की मागा.

गोव्याचा रस्ताकर धूर बघत नाही, किंमत बघतो

जीएसटी देशभर एकच. पणजीत घ्या, बेळगावात घ्या, कुडाळला घ्या, टक्के तेच. फरक पडतो तो राज्याच्या रस्ताकराने, आणि तो गाडी कुठून घेतली यावर नसतो, कुठे नोंदवली यावर असतो.

गोव्यात खाजगी गाडीचा रस्ताकर नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा असतो आणि तो किमतीच्या टप्प्यांवर चढत जातो. सीसी, इंधन, ग्रॅम यांचा त्यात प्रश्न येत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात तसं नाही. तिथे १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, आणि सीएनजीला त्याहून कमी. सीएनजीचा दर जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढवला तरीही कमीच. म्हणजे सावंतवाडीचा माणूस डिझेल घेताना दोन टक्के जास्त मोजतो, पेडण्याचा मोजत नाही.

यावरून कुणाला वाटेल की गोव्यात डिझेलला मोकळं रान आहे. एक गोष्ट मात्र विसरू नका. किमतीवर कर म्हटलं की जास्त जीएसटीवाली गाडी वरच्या टप्प्यात ढकलली जाते. दिल्लीने लावलेल्या चाळीस टक्क्यांवर पणजीचा टक्का चढतो. म्हणून कोटेशनवर दोन गोष्टी लिहून मागा: रस्ताकराची टक्केवारी किती लावली, आणि ती नेमक्या कोणत्या रकमेवर लावली. "अंदाजे" असं लिहिलेला आकडा स्वीकारू नका. वाहतूक खात्याच्या कार्यालयात, तुमच्या तालुक्यात असेल त्या, चालू टप्प्यांचा तक्ता विचारा आणि तुमची गाडी एखाद्या टप्प्याच्या काठावर आहे का ते बघा. काठावर असेल तर सनरूफवालं मॉडेल सोडून खालचं घेतल्याने सनरूफच्या किमतीहून जास्त पैसे वाचू शकतात.

कंपनीतून बसवून आलेल्या वस्तू एक्स-शोरूम किमतीत (जीएसटीसह, पण रस्ताकर आणि विम्याआधीची किंमत) धरल्या जातात, म्हणजे त्यांच्यावर रस्ताकरही बसतो. सीट कव्हर, मॅट, कॅमेरा अशा गोष्टी नंतर बाहेरून घेतल्या तर बसत नाही. वॉरंटीला धक्का लागणार नाही एवढं बघा.

आता मांडून बघू

आकडे मी सोयीचे धरतोय. रस्ताकर सगळ्यांना सारखा १० टक्के आणि तो एक्स-शोरूम किमतीवर, असं धरलं आहे. तुमच्या कोटेशनवरचा खरा आकडा तिथे घाला.

दोन पेट्रोल गाड्या, दोन्हींची कराआधीची किंमत ८ लाख. पहिली १८ टक्क्यांच्या डब्यात बसणारी. १८ टक्के म्हणजे १,४४,००० रुपये, एक्स-शोरूम ९,४४,०००. दुसरीचं इंजिन १,४०० सीसीचं. ४० टक्के म्हणजे ३,२०,०००, एक्स-शोरूम ११,२०,०००. इथेच १,७६,००० चा फरक. रस्ताकर पहिलीला ९४,४००, दुसरीला १,१२,०००, आणखी १७,६००. शिवाय दुसरी १० लाखांच्या वर गेली म्हणून विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापलेला आगाऊ आयकर, नंतर परत मागता येतो) घेणार, ११,२००. बेरीज २,०४,८००.

हे दोन लाख रोख असतील तर ठीक. कर्जाने घेतले तर ९ टक्के व्याजाने सात वर्षांत लाखाला महिन्याला साधारण १,६०९ रुपये हप्ता पडतो. दोन लाखांचे सात वर्षांत जवळजवळ २,७०,००० भरता. दोनशे सीसी जादा हवे असतील तर एवढे पैसे. ज्याला रोज चोर्ला घाट चढायचा आहे त्याला ते पटतील. फोंडा ते पणजी ऑफिसला जाणाऱ्याला नक्की कशासाठी, हे त्याने स्वतःला विचारावं.

विम्यातही सीसी डोकावतात. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १,५०० पर्यंत १०,६४०, आणि त्याच्या वर २४,५९६. वर १८ टक्के जीएसटी. विजेच्या गाडीला या विम्यात १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत ठरवलेली आहे. हायब्रिडला धुराबद्दल मिळणारं कौतुक, ते हे एवढंच.

आता विजेची. तेवढ्याच मापाची विजेची गाडी कराआधी ८ लाखांना सहसा मिळत नाही, म्हणून १२ लाख धरू. ५ टक्के म्हणजे ६०,०००, एक्स-शोरूम १२,६०,०००. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने विजेच्या गाड्यांना रस्ताकरातून सूट दिली, म्हणून तिथे शून्य धरलं. केंद्राने ऑगस्ट २०२१ पासून त्यांची नोंदणी फीही माफ केली आहे. पहिली पेट्रोल गाडी रस्ताकरासह १०,३८,४०० ला पडते. फरक २,२१,६००.

वर्षाला १२,००० किलोमीटर चालवलीत, पेट्रोल गाडीने गावातल्या रस्त्यांवर लिटरला १५ दिले आणि लिटर शंभर रुपयांना धरला तर ८०,००० रुपये. विजेची गाडी युनिटला ७ किलोमीटर देते असं धरा, घरच्या युनिटला ५ रुपये धरा, तर साडेआठ हजारांच्या आसपास. वर्षाला ७१ हजार वाचले. तीन वर्षं आणि वर दीड महिना, फरक भरून निघाला. मात्र वर्षाला सहा हजारच फिरत असाल तर सहा वर्षांहून जास्त लागतील. काका रविवारी मंगेशीला आणि महिन्यातून एकदा मडगावला जातात. त्यांच्यासाठी विजेची गाडी हौस झाली असती, हिशोब नव्हे.

एकेकाळी गोव्यात हा हिशोब आणखी वाकडा असता. २०१२ च्या अर्थसंकल्पात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला होता. बांद्याहून लोक टाकी भरायला पत्रादेवीला येत. ते दिवस गेले, पण पंपावरचा भाव बदलला की वरचं सगळं गणित बदलतं याची ती आठवण.

विजेची घेणार असाल तर सूट हातात आल्याशिवाय धरू नका

पहिली गोष्ट, खाजगी वापराच्या विजेच्या कारला केंद्राकडून थेट अनुदान नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तिचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका धरल्या गेल्या. तुमची-माझी कार नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत आयकर वजावट देणारं ८०ईईबी कलमही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं. अजून विक्रेते हे सांगतात. माझ्याकडे दर वर्षी एक-दोघे तो कागद घेऊन येतात आणि मला वाईट तोंड करावं लागतं.

दुसरी, राज्याचं अनुदान. २०२१ च्या धोरणात ते होतं, पण ठरावीक संख्येच्या गाड्यांपुरतं, आणि २०२२ मध्ये ते मध्येच थांबवलं गेलं होतं. म्हणून अनुदान मिळेल असं गृहीत धरून बजेट आखू नका. रस्ताकराची सूटही धोरणाच्या मुदतीला बांधलेली असते. गाडी बुक करता त्या दिवशी नव्हे, नोंदणी होते त्या दिवशी जो आदेश लागू असेल तो तुमचा. डिलिव्हरीला तीन-चार महिने लागणार असतील तर विक्रेत्याकडून लिहून घ्या की मधल्या काळात सूट संपली तर बुकिंगचे पैसे परत मिळतील.

तिसरी, घर. चार्जरसाठी वेगळी वायर, अर्थिंग आणि बहुधा वाढीव लोड लागतो. जुन्या कौलारू घरातलं वायरिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पावसात वीज कधी जाते आणि किती वेळ जाते ते तुमच्या वाड्यावर तुम्हालाच माहीत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी बुकिंगच्या आधी घ्या. मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची यावरून सोसायटीत जी भांडणं होतात ती कोणत्याही करापेक्षा महाग पडतात.

टॅक्सीसाठी घेणाऱ्यांना एक जादा फायदा आहे. २०१८ पासून केंद्राने बॅटरीवरच्या प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना परमिटची अट काढली आहे.

वास्कोवाल्यांसाठी: बीएच पाटी

नौदल, बंदर, केंद्र सरकारचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतले लोक बीएच पाटी, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारी भारत मालिकेची नंबर पाटी, घेऊ शकतात. तिचा कर दर दोन वर्षांनी हप्त्यात भरायचा, आणि तो जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवर लागतो. १० लाखांच्या आत ८ टक्के, २० पर्यंत १०, वर १२. डिझेलला २ टक्के जास्त, विजेच्या गाडीला २ टक्के कमी. म्हणजे दाबोळीच्या तळावरच्या माणसाला डिझेलचा धूर नडतो, त्याच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या चिखलीकराला नाही.

पेट्रोल गाडी आणि दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली, तर बीएच डोळे मिटून घ्या. पण विजेची गाडी घेणार असाल आणि गोव्यातच राहणार असाल तर थांबा. बीएचवर सवलतीचा का होईना कर आहे, गोव्याच्या पाटीवर सूट आहे.

सीमेपलीकडून घेण्याचा मोह

बेळगावात सवलत जास्त मिळते असं ऐकून लोक जातात. सवलत खरी असेल तर जरूर घ्या, पण तात्पुरती नोंदणी करून गाडी गोव्यात आणा आणि इथेच कायमची नोंदवा. कर्नाटकाची पाटी लावून आणलीत तर तिथला रस्ताकर भरला, आणि बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाने इथलं नोंदणी चिन्ह घ्यावं लागतं. मग ना-हरकत दाखला, इथला कर आणि तिथल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज. परतावा मिळतो, पण तुमचा बेळगावचा हेलपाटा आणि सुट्टी कुणी परत करत नाही.

सेकंड हँड गाडी माणसाने माणसाला विकली तर जीएसटी नाही. नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतली तर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के, पण पूर्ण किमतीवर नव्हे, त्याच्या नफ्यावर. गोव्याच्याच पाटीची गाडी असेल तर एकदा भरलेला रस्ताकर गाडीबरोबर येतो. बाहेरची असेल तर वयाप्रमाणे इथला कर लागतो. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांच्या जाहिराती बघताना तो विसरला जातो. पंधरा वर्षांच्या पुढे नोंदणी नूतनीकरणाची फी कारला ५,००० रुपये आहे आणि वीस वर्षांच्या पुढे १०,०००. जुनी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन ती जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घेतलं तर नव्या खाजगी गाडीच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येईल असा केंद्राचा २०२१ चा नियम आहे. नोंदणीच्या आधीच वाहतूक खात्यात प्रमाणपत्र दाखवून सूट लागू करून घ्या, नंतर नाही.

सही करण्याआधी कागदावर बोट ठेवून

कोटेशन खालून वर वाचा. सर्वांत खालचा "ऑन रोड" आकडा सोडा, त्याच्या वरची एकेक ओळ घ्या. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक, कागदपत्र खर्च अशा नावाची ओळ दिसली तर ती कुठल्या नियमाने, असं शांतपणे विचारा. बहुतेक वेळा ती नाहीशी होते. विमा तिथूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की दहा मिनिटांत त्यांचा आकडा खाली येतो. विजेच्या गाडीला नोंदणी फी लावली असेल तर काढायला सांगा.

टीसीएस हा खर्च नाही, आगाऊ भरलेला आयकर आहे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरून परत मागता येतो. इथे मी स्वतः फसलो आहे, तेही या धंद्यात असून. गाडी वडिलांच्या नावावर घेतली, फॉर्मवर घाईत माझा पॅन लिहिला. रक्कम माझ्या खात्यात दिसायला लागली, बिल वडिलांच्या नावावर. ते निस्तरायला विक्रेत्याला दुरुस्तीचं विवरण भरायला लावावं लागलं आणि त्याने ते चार महिन्यांनी भरलं. तेव्हा बिल, नोंदणी आणि पॅन एकाच माणसाचा आहे ना, तेवढं बघा. एक्स-शोरूम ९,९८,००० असेल तर टीसीएस नाही. १०,०२,००० असेल तर तो पूर्ण रकमेवर लागतो, १०,०२० रुपये.

आरसी हातात आली की सीसी, इंधन आणि बीएस-सहाची नोंद बिलाशी ताडून घ्या. कंपनीतून बसवलेली सीएनजी असेल तर इंधनाच्या रकान्यात ती आलीच पाहिजे, नाहीतर विम्याच्या दाव्याच्या वेळी अडवणूक होते. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. वर्ष भरण्याच्या आठवड्यात मोबाइलवर गजर लावा. कायद्यात त्याचा दंड दहा हजारांपर्यंत आहे.

काकांनी शेवटी चार मीटरच्या आतली, एक लिटर इंजिनाची सीएनजी घेतली, सप्टेंबरच्या कपातीनंतर, दसऱ्याला. मावसभावाने स्विंडनहून फोन करून पुन्हा ग्रॅम विचारले. किलोला तेहतीस किलोमीटर धरून मी सांगितलं, त्र्याऐंशी. काका मागून ओरडले, "आणि दिकी अर्दी सिलिंडरान भरल्या, तेंय सांग ताका!"